ओटी भरल्यावर दोर नाही

सतरा उन्हाळे मी बायकांना विहिरीत पोहायला शिकवलं. प्राथमिक शाळेत शिक्षिका होते, उन्हाळ्याची सुट्टी हक्काची होती, आणि घरच्या विहिरीला मे महिन्यातही दोन पुरुष पाणी असायचं. दुपारची जेवणं झाली की गडीमाणसं लिंबाखाली आडवी व्हायची आणि एक ते तीन विहीर आमची. त्या वेळात तिकडे फिरकायची कोणा बाप्याची हिंमत नव्हती. माझे यजमान एकदा मोटार बंद करायला म्हणून आले, तर बायकांनी आतून असा गलका केला की पुढे मोटार जळायची वेळ आली तरी ते तीनच्या आत आले नाहीत.

मी स्वतः आष्टीकडच्या माहेरच्या विहिरीत वडिलांकडून शिकले होते. लग्न होऊन वडीगोद्रीजवळच्या या गावात आले तेव्हा इथल्या बायकांचा विहिरीशी संबंध दोनच कारणांनी यायचा, धुणं नाहीतर जीव देणं. तिसरं कारण मी आणलं, याचा मला फार गर्व होता. त्या गर्वाचं आता काय करावं ते कळत नाही.

शिकवायची पद्धत साधी होती. पाठीला तेलाचे दोन रिकामे डबे, कमरेला दोर, आणि दोराचं टोक काठावर माझ्या हातात. पहिले आठ दिवस दोन डबे, मग एक, मग नुसता दोर. शेवटी परीक्षा: दोर सोडून काठावरून उडी मारायची, विहिरीला दोन फेरे घालायचे आणि कोणाचा हात न धरता पायऱ्यांनी वर यायचं. जमलं की ती बाई विहिरीची ओटी भरायची. खण, नारळ, हळदकुंकू. ही माझ्या सासूबाईंच्या माहेरची रीत. त्यांचं म्हणणं, ओटी भरली की बाई विहिरीची लेक झाली. मग तिला पुन्हा दोर बांधायचा नाही. बांधला तर विहिरीला वाटतं, माझ्यावर हिचा विश्वास नाही.

मी डी.एड. झालेली बाई. वर्गात अंधश्रद्धेवर पोटतिडकीने बोलायची. विहिरीला काही वाटतं, यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. पण रीत मला आवडली, आणि खरं सांगायचं तर ओटी कधी भरायची हे मी ठरवायची म्हणून आवडली. अजून हिची ओटी नाही, असं मी म्हटलं की ती बाई आणखी आठ दिवस निमूट दोर बांधून घ्यायची. आता भर, म्हटलं की गावात तिची चालच बदलायची. नवऱ्यासमोर जिने कधी मान वर केली नाही तीसुद्धा त्या दिवशी घरी जाऊन सांगायची की मी पास झाले. पुढे पुढे, ओटी भरल्यावर दोर नाही, हे वाक्य सासूबाईंपेक्षा मीच जास्त वेळा म्हणायला लागले.

माझ्या शाळेतली एक मैत्रीण, बौद्ध घरातली, दोन उन्हाळे यायची. हात माझ्यापेक्षा चांगला मारायची. पण ओटी भरायला तिने साफ नकार दिला. आमच्यात हे चालत नाही आणि मला पटतही नाही, म्हणाली, दोर मात्र राहू दे. त्यामुळे ती शेवटच्या दिवसापर्यंत दोर बांधूनच पोहली. तू कायमची नापास, म्हणून आम्ही तिला चिडवायचो. ती हसायची आणि गाठ स्वतःच्या हाताने दोनदा ओढून बघायची.

माझी धाकटी जाऊ मात्र मुलगी शाळेत जायला लागल्यावर शिकायला आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात पास झाली. बारा दिवसांत. तेवढ्या लवकर दुसरी कोणी झाली नाही. ती पाण्यात उतरली की तिचा आवाज बदलायचा, एरवी सासरी हळू बोलणारी बाई विहिरीत मोठ्याने हसायची. तिची ओटी मी स्वतः भरायला लावली आणि वर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं की अशी शिष्या मिळायला नशीब लागतं. तिच्यावर माझा जीव होता. सख्ख्या बहिणीवर नव्हता इतका होता.

चार वर्षांपूर्वी दिरांनी मोसंबीसाठी शेततळं केलं. आमच्या भागात आता बहुतेक बागांना तळी आहेत. चौकोनी खड्डा, चारी बाजूंना उतरते बांध, आत तळापासून काठापर्यंत जाड काळी प्लास्टिकची पन्नी अंथरलेली, भोवती तारेचं कुंपण. पावसाळ्यात विहिरीचं पाणी मोटारीने त्यात साठवायचं आणि उन्हाळ्यात बागेला द्यायचं. जावेला त्या तळ्याचं वेड लागलं. बेडूक नाहीत, साप नाही, पाणी कसं स्वच्छ, ताई, तुम्ही सुट्टीत आलात की आपण दोघी उतरू, असं ती फोनवर सांगायची. मी तेव्हा जालन्यात राहायला गेले होते.

त्याच वर्षी दिवाळीत गावी आले. तळं काठोकाठ नव्हतं, वरचा अडीच-तीन हात उतार उघडा होता. पाणी दोन महिने साचलेलं, त्यामुळे पाण्याच्या कडेला पन्नीवर शेवाळाचा पातळ थर धरला होता. मी तो पाहिला. पाहून काहीच वाटलं नाही, विहिरीच्या पायऱ्यांवरही शेवाळ असतंच. माझा गुडघा त्या वर्षी धरला होता म्हणून मी उतरणार नव्हते, काठावर उभी राहून फेरे मोजणार होते. जाऊ जुना पंजाबी ड्रेस घालून तयार होती.

दीर मोटारीच्या खोलीतून दोर घेऊन आले. माणूस कमी बोलणारा. माझ्याशी बोलताना अजूनही खाली बघतात. ते म्हणाले, "वहिनी, हिला दोर बांधा. पन्नी लई घसरती."

जाऊ माझ्याकडे बघून हसली. आणि मी म्हणाले, "हिची ओटी भरून बारा वर्षं झाली. आता दोर बांधून काय लाज काढता?"

त्यांनी दोर हातात तसाच धरून ठेवला. मोठ्या भावजयीला उलट बोलायची आमच्या घरात पद्धत नाही. दोर तिथेच टाकला असता तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, नेऊन ठेवा, इथे पायात येईल. ते दोर घेऊन बागेतून परत गेले.

जाऊ पन्नीवर बसली आणि घसरगुंडीवरून जावं तशी पाण्यात गेली. किती आनंद झाला होता तिला. समोरच्या बांधापर्यंत गेली, परत आली, पुन्हा गेली. मी मोठ्याने फेरे मोजत होते. दोन फेरे झाल्यावर ती कडेला आली आणि हात वर टाकला. हात घसरला. पुन्हा टाकला. गुडघा रोवायला गेली तर सगळीच खाली पाण्यात गेली, वर आली आणि हसायला लागली.

"ताई, हात टिकूनच न्हाई राह्यला."

मीही हसले. म्हटलं, कोपऱ्यात ये, तिथे दोन्ही बाजूंचा आधार मिळेल. ती पोहत कोपऱ्यात गेली. तिथेही तसंच. मग मी म्हटलं, त्या दुसऱ्या कोपऱ्यात बघ. ती तिकडे गेली. विहिरीत पाच हात मारले की कुठे ना कुठे दगड, पायरी, खाच, मोटारीचा पाइप, काहीतरी हाताला लागतंच. माझं सगळं शिकवणं त्या धरायच्या जागेवर उभं होतं. हात मार, पोच, धर. धरायला काहीच नसेल तर उताणं पडून तरंगत राहा, दम टिकव, हे मी सतरा उन्हाळ्यांत एकाही बाईला शिकवलं नव्हतं, कारण विहिरीत त्याची गरज पडत नाही. आणि मी काठावरून तिला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पळवत होते.

तिसऱ्या कोपऱ्याकडे जाताना ती हसायची थांबली. तेव्हा मी दिरांना हाका मारल्या. उतरायला गेले तर माझा पाय सुटला, कुंपणाचा खांब हाताला लागला म्हणून वाचले. दीर पळत आले, मी दोर म्हणून ओरडले, ते तसेच पळत परत गेले. मोटारीची खोली बागेच्या त्या टोकाला. ते दोर घेऊन आले, खांबाला बांधून आत उतरले, आणि त्यांनी तिला बाहेर काढलं. पण तोवर पाणी शांत झालं होतं.

माझ्या अंगावर साडी होती. पाच-साडेपाच मीटर साडी. हे माझ्या डोक्यात तेराव्याच्या दिवशी आलं, पाहुण्यांना जेवायला वाढत असताना. हातातलं भांडं खाली ठेवलं आणि परसात जाऊन बसले. लोकांना वाटलं, दुःखाने झालं.

दोर मी परत पाठवला, हे दिरांनी कोणालाही सांगितलं नाही. पंचनाम्यात पोहायला उतरली आणि बुडाली एवढंच आलं, आणि ते खोटं नव्हतं. मीही बोलले नाही. यजमानांनाही नाही. गावातल्या बायका समजूत घालायला यायच्या आणि म्हणायच्या, तुम्ही नव्हतं का शिकवलं, तिचं आयुष्यच तेवढं. मी मान हलवायची.

जावेला एकच मुलगी. तेव्हा ती कॉलेजला होती, दिवाळीच्या त्या दिवशी मैत्रिणीकडे गेली होती. पुढे तिला जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत नोकरी लागली, प्रयोगशाळेत. ओल्या कागदात शंभर दाणे गुंडाळून ठेवायचे, किती उगवले ते मोजायचे, पुरेसे उगवले तरच त्या मालाच्या पिशव्यांना प्रमाणित बियाण्याचा टॅग लागतो. ती माझ्याकडेच राहायला आली. मला ती मोठी आई म्हणते. आई गेल्यापासून त्या शब्दातलं मोठी कधी कधी गळून पडायचं.

वडीगोद्रीच्या पुढे हायवेला एका हॉटेलवाल्याने मोठ्या शेततळ्यात होड्या सोडल्या आणि दोन मनोरे उभारून तळ्यावरून लोखंडी दोरीला लोंबकळत जायचा खेळ सुरू केला. रविवारी गर्दी व्हायला लागली. पोरीने एकदा जाऊन पाहिलं. अंगावर घालायची फुगीर जाकिटं चार, त्यातल्या दोनांचे पट्टे तुटलेले. तळ्यावर लक्ष ठेवायला एक वेटर, तोच चहा द्यायचा. कडेला तीच काळी पन्नी. ती घरी आली ती जेवलीच नाही.

त्या दिवसापासून तिने एकच ध्यास घेतला. पाण्याचे किंवा जिवावरचे असले खेळ कोणी चालवत असेल तर जागेला सर्टिफिकेट पाहिजे, आणि शिकवणाऱ्या, लक्ष ठेवणाऱ्या माणसालाही पाहिजे. ज्वारीच्या पिशवीला टॅग लागतो, मोठी आई, मंग माणसाला काहून न्हाई, असं ती मला विचारायची. मी गमतीने म्हणायची, टॅगची ज्वारी काय कधी दगा देत नाही? त्यावर ती चिडून म्हणायची की देते, पण मंग कुणाला धरायचं ते तरी माहीत असतं. ती निवेदनं लिहायची, सुट्टी काढून कचेऱ्यांत द्यायची. पहिली सही तिची, दुसरी माझी. तिच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती की आईला कोणी मारलं नाही, नियम नव्हता म्हणून ती गेली. तेवढ्या आधारावर ती जगत होती. आणि मी प्रत्येक निवेदनावर सही करत होते.

मागच्या वर्षी त्या निवेदनांवर तालुक्याला बैठक लागली. तहसीलदार साहेब समजूतदार होते, पण थकलेले दिसत होते. हॉटेलवाला सात-आठ जणांना घेऊन आला होता. तो उभा राहून म्हणाला की आमच्या आज्याच्या टायमापासून पोरं विहिरीत उड्या मारून राह्यलीत, कोणाकडं हाय सर्टिफिकेट? सगळे हसले. पोरगी उठली. तिने आईचं नाव घेतलं नाही, नुसतं शेततळ्याचं सांगितलं. पन्नी कशी घसरते, कडेने दोरीची जाळी किंवा शिडी का सोडायला हवी, पाण्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला काय काय यायला हवं. इतकं मुद्देसूद बोलली की हसणारे गप्प बसले. मला रडू येत होतं आणि तिचा अभिमानही वाटत होता.

साहेब म्हणाले, वरून नियम येईल तेव्हा येईल, तोवर आपण तालुक्यापुरती सुरुवात करू. पण तपासणार कोण? पोहणाऱ्या माणसाची परीक्षा घेणारं कोणीतरी पाहिजे, आणि आपल्याकडे तसा माणूस नाही. मग हॉटेलवालाच म्हणाला, मॅडम आहेत ना. अर्ध्या तालुक्याच्या बायका त्यांनी शिकवल्या, त्यांनी बरोबर म्हटलं की आमचं बी बरोबर. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. पोरीचा चेहरा उजळला होता.

मला त्या क्षणी बरं वाटलं. हे लिहिताना शरम वाटते, पण वाटलं. कोण पास, कोण नापास हे पुन्हा मी ठरवणार, याचा आनंद होता तो. जाऊ गेल्याला तीन वर्षं झाली होती आणि माझ्या आतली ती बाई जशीच्या तशी होती. ते माझ्या लगेच लक्षात आलं. विचार करून सांगते, एवढंच कसंबसं म्हटलं.

त्यानंतर काय झालं ते आधीच सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. मी नाही म्हटलं. दोन महिन्यांत हॉटेलवाल्याने कुठल्याशा शहरातून एक सर्टिफिकेट आणलं आणि काचेत बसवून गल्ल्याच्या मागे लावलं. ज्याचं नाव त्यावर आहे तो माणूस इथे कोणी पाहिलेला नाही. वेटर तोच आहे. पूर्वी लोक तळ्याकडे बघून जरा बिचकायचे, आता काच बघतात आणि पोरांना होडीत बसवतात. गर्दी वाढली आहे.

बैठक संपल्यावर आम्ही बाहेर आलो. स्कूटीजवळ उभं राहून पोरगी उत्साहाने बोलत होती. परीक्षा कशी घ्यायची, कागद कसा छापायचा, पहिलं सर्टिफिकेट मोठी आई तुझंच पाहिजे, असं काहीबाही. मी तिला थांबवलं आणि सगळं सांगितलं. तिच्या पप्पांनी दोर आणला होता, मी तो परत पाठवला, काय शब्द वापरले, तिच्या आईला कसं एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात पाठवलं. साडीचंही सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. मला वाटत होतं की ती ओरडेल, आणि तिने ओरडावं असंच मला वाटत होतं.

ती ओरडली नाही. स्कूटीची किल्ली हातात घेऊन उभी राहिली. आमच्या बाजूने बैठकीला आलेली माणसं निघून गेली, हॉटेलवाल्याने जाताना मला नमस्कार केला.

मग तिने विचारलं, "तेव्हा नियम असता, तुझ्याकडं सर्टिफिकेट असतं, तर दोर बांधला असता का?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला तेच ऐकायचं होतं. त्या एका ‘हो’वर तिची सगळी निवेदनं उभी राहिली असती, आणि कदाचित तीही. पण तिच्याशी मी तीन वर्षं न बोलता खोटं वागले होते, आणखी एक खोटं मला झेपणार नव्हतं.

"न्हाई," मी म्हणाले. "सर्टिफिकेट असतं तर तुझ्या पप्पांना बोलूच दिलं नसतं."

तिने मान हलवली. स्कूटी चालू केली, मी मागे बसले. त्या महिनाअखेरीला ती एमआयडीसीजवळ दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहायला गेली. निवेदनाचे कागद माझ्याकडेच टाकून गेली, आणि ते मागायला अजून आलेली नाही.